बीटा थॅलेसीमिया आणि होमिओपॅथी : बालरुग्णाच्या उपचारनिवडीचा विचार

प्रस्तावना

जन्माच्या वेळी सुदृढ दिसणारे मूल सहा-सात महिन्यांचे झाल्यावर हळूहळू फिकट पडू लागते. दूध ओढताना दमते, वजन वाढत नाही, वरचेवर ताप येतो. घरातील वडीलधारी मंडळी 'दात येत असतील' अशी समजूत घालतात. दवाखान्यात प्रथम लोहाचे औषध मिळते. त्याने गुण येत नाही. पुढे कधीतरी हिमोग्लोबिन चार-पाच ग्रॅमवर आल्याचे आढळते आणि विशेष तपासणीअंती 'बीटा थॅलेसीमिया मेजर' असे निदान होते. दर तीन-चार आठवड्यांनी, आयुष्यभर, मुलाला रक्त द्यावे लागेल, हे आईवडिलांना बहुधा त्याच दिवशी सांगितले जाते.

या धक्क्यातून सावरण्याच्या आतच नात्यातील कोणी तरी होमिओपॅथीचे नाव सुचविते. औषध गोड असते, सुई टोचावी लागत नाही, खर्च थोडा असतो आणि 'मुळापासून इलाज' असे आश्वासनही मिळते. हा मार्ग स्वीकारणारे पालक अशिक्षित असतात असे मुळीच नाही. त्यांत शिक्षक, अधिकारी आणि प्राध्यापकही असतात. प्रस्तुत लेखात थॅलेसीमियाचे स्वरूप, या विकारात होमिओपॅथी काय करू शकते व काय करू शकत नाही, आणि ती उपयोगी पडली असे अनेकांना प्रामाणिकपणे का वाटते, याचा विचार केला आहे.

विकाराचे स्वरूप

१९२५ मध्ये अमेरिकेतील डेट्रॉइट येथील बालरोगतज्ज्ञ थॉमस कूली यांनी या विकाराचे प्रथम शास्त्रीय वर्णन केले. सुरुवातीचे रुग्ण भूमध्य समुद्राकाठच्या कुटुंबांतील होते. म्हणून ग्रीक भाषेतील 'समुद्र' या शब्दावरून १९३२ मध्ये 'थॅलेसीमिया' हे नाव रूढ झाले. नाव समुद्राचे असले तरी विकार केवळ समुद्रकाठचा नाही. भारतात लोकसंख्येच्या सुमारे ३ ते ४ टक्के व्यक्ती त्याच्या वाहक आहेत असे मानले जाते, आणि दरवर्षी दहा हजारांच्या आसपास बालके मेजर स्वरूपाचा आजार घेऊन जन्मतात. सिंधी, पंजाबी, लोहाणा, कच्छी भानुशाली इत्यादी समाजांत वाहकांचे प्रमाण अधिक आहे. त्यामुळे मुंबई, उल्हासनगर, पुणे, नागपूर या शहरांत हा प्रश्न फार पूर्वीपासून परिचित आहे. तथापि 'हा आमच्या समाजाचा आजार नव्हे' हे म्हणणे महाराष्ट्रातील कोणत्याही समाजाला आज करता येणार नाही.

प्रौढ माणसाच्या हिमोग्लोबिनमध्ये दोन अल्फा आणि दोन बीटा अशा चार प्रथिनशृंखला असतात. बीटा शृंखलेची जनुके अकराव्या गुणसूत्रावर असतात, एक आईकडून आलेले आणि एक वडिलांकडून. एकच जनुक सदोष असेल तर व्यक्ती केवळ वाहक ठरते. तिला सौम्य पांडुरोगापलीकडे त्रास होत नाही. दोन्ही सदोष असतील तर बीटा शृंखला तयारच होत नाहीत किंवा अत्यल्प होतात. भारतीय रुग्णांतील बहुसंख्य दोष मोजक्या पाच-सहा उत्परिवर्तनांत सामावलेले आहेत.

आजार जन्मतः असूनही मूल पहिले काही महिने निरोगी दिसते, याचे कारण गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन होय. त्यात बीटाऐवजी गॅमा शृंखला असते. जन्मानंतर शरीर गॅमाचे उत्पादन कमी करून बीटाकडे वळते. ज्या बालकाकडे बीटाच नाही, त्याची उणीव सहाव्या महिन्यानंतर उघडी पडते. जोडीदार न मिळालेल्या अल्फा शृंखला पेशीतच साचतात आणि तांबड्या पेशी अस्थिमज्जेतून बाहेर पडण्यापूर्वीच नष्ट होऊ लागतात. मज्जा अधिकाधिक पेशी बनविण्याचा निष्फळ प्रयत्न करीत राहते. तिचा विस्तार होऊन कवटीची व चेहऱ्याची हाडे फुगतात, प्लीहा आणि यकृत वाढते. रक्त न मिळाल्यास अशी बहुतेक बालके पाच वर्षे पूर्ण करीत नसत.

दोष कोठे आहे हे येथे नीट ध्यानात घेणे आवश्यक आहे. तो रक्तात 'शिरलेला' नाही, पोषणातील उणिवेतून आलेला नाही, आणि गरोदरपणी आईने काय खाल्ले याच्याशी त्याचा काडीचाही संबंध नाही. रक्त निर्माण करणाऱ्या प्रत्येक मूळपेशीच्या जनुकात तो आहे. म्हणून या विकारावरील कोणत्याही उपचाराला पुढीलपैकी एक तरी गोष्ट साधावी लागते: बाहेरून पेशी पुरविणे, मूळपेशी बदलणे, जनुकात दुरुस्ती करणे, झोपी गेलेली गॅमा शृंखला पुन्हा जागी करणे अथवा पेशींची परिपक्वता सुधारणे. होमिओपॅथीकडेही हाच प्रश्न विचारावा लागेल.

रक्त आणि लोह

आधुनिक उपचारात दर दोन ते चार आठवड्यांनी तांबड्या पेशी देऊन रक्तसंक्रमणापूर्वीचे हिमोग्लोबिन साधारणपणे ९ ते १०.५ ग्रॅमच्या दरम्यान राखले जाते. त्यामुळे मज्जेचा अनाठायी विस्तार थांबतो आणि मूल इतर मुलांसारखे वाढते. मात्र रक्ताच्या प्रत्येक पिशवीबरोबर सुमारे २०० ते २५० मिलिग्रॅम लोह शरीरात येते. निरोगी प्रौढ शरीर दिवसाला जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम लोह गमावते. जास्तीचे लोह बाहेर टाकण्याची कोणतीही सोय मानवी देहात नाही. ते यकृतात, हृदयात आणि अंतःस्रावी ग्रंथींत साचते. थॅलेसीमियाच्या रुग्णांचा मृत्यू पूर्वी बहुधा या लोहामुळे, म्हणजे हृदय निकामी होऊन, ओढवत असे.

साधारण दहा ते वीस वेळा रक्त दिल्यानंतर, किंवा फेरिटिनची पातळी एक हजाराच्या वर गेल्यावर, लोह बाहेर काढणारी औषधे सुरू करतात. डेफेरॉक्सामिन हे औषध पंपाच्या साहाय्याने रात्री आठ ते बारा तास त्वचेखाली द्यावे लागते. लहान मुलाच्या घरी ही रोजची झोंबाझोंबी असते. डेफेरिप्रोन आणि त्यानंतर २००५ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले डेफेरासिरॉक्स ही तोंडावाटे घेण्याची औषधे आल्यापासून हा भार पुष्कळ हलका झाला आहे.

पालकांना रक्ताची वाटणारी भीती निराधार नाही, हेही मान्य केले पाहिजे. दूषित रक्तातून हिपॅटायटिस व एचआयव्हीची बाधा झालेली थॅलेसीमियाग्रस्त बालके या देशाने पाहिली आहेत. रक्ताची चाचणी जितकी काटेकोर, तितका हा धोका कमी. तो शून्य मात्र होत नाही. पर्यायी मार्गाचे आकर्षण पुष्कळदा श्रद्धेतून नव्हे, तर या भीतीतून जन्म घेते.

होमिओपॅथीची भूमिका

जर्मन वैद्य सॅम्युअल हानेमान यांनी १७९६ मध्ये 'समः समं शमयति' हे तत्त्व मांडले आणि १८१० मध्ये ते ग्रंथरूपाने सविस्तर प्रसिद्ध केले. ज्या द्रव्याने निरोगी माणसात एखादी लक्षणे उत्पन्न होतात, ते द्रव्य अत्यल्प मात्रेत दिल्यास तीच लक्षणे असलेला रोगी बरा होतो, असे हे तत्त्व सांगते. भारतात ही पद्धती एकोणिसाव्या शतकात रुजली. कोलकात्याचे महेंद्रलाल सरकार यांच्यासारखा पाश्चात्त्य वैद्यकाचा नामांकित पदवीधर १८६७ मध्ये तिचा पुरस्कर्ता झाला. आज ती शासनमान्य असून २०२० च्या राष्ट्रीय होमिओपॅथी आयोग अधिनियमाखाली तिचे शिक्षण व व्यवसाय नियंत्रित होतात.

थॅलेसीमियाच्या बालकाला या पद्धतीत सिॲनोथस, चायना, फेरम मेटॅलिकम, कॅल्केरिया फॉस, नेट्रम म्यूर यांसारखी औषधे दिली जातात. सिॲनोथसची ख्याती वाढलेल्या प्लीहेवरील औषध अशी आहे. चायना रक्तक्षयानंतरच्या अशक्तपणासाठी, तर फेरम फिकटपणासाठी वापरतात. ही निवड रोगाच्या नावावरून नव्हे, तर रुग्णाच्या एकूण प्रकृतीवरून होते, असा होमिओपॅथांचा आग्रह असतो. मूल रडके आहे की शांत, त्याला ऊब आवडते की गारवा, झोपेत घाम कोठे येतो, अशा पृच्छेत तास-तासभर जातो. गर्दीच्या रक्तसंक्रमण कक्षात जिला दोन वाक्येही बोलायला मिळालेली नसतात, त्या आईला हे ऐकून घेणे केवढा दिलासा देत असेल, याची कल्पना करता येते. आधुनिक रुग्णालयांनी होमिओपॅथीकडून काही घ्यायचे असेल तर ते हेच.

औषधाच्या सिद्धतेचा प्रश्न मात्र वेगळा आहे. शततमान पद्धतीत प्रत्येक टप्प्यावर द्रव्य शंभरपट विरल केले जाते. बाराव्या टप्प्याला विरलन एकावर चोवीस शून्ये इतके होते आणि ते ॲव्होगॅड्रो संख्येच्या पलीकडे जाते. म्हणजे मूळ द्रव्याचा एखादा रेणू तरी शिल्लक असण्याची शक्यता मावळते. प्रचलित 'तीस'च्या पोटेन्सीत हे विरलन एकावर साठ शून्ये इतके असते. पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील संशोधकांनी २०१० मध्ये, धातूंपासून बनविलेल्या उच्च पोटेन्सीच्या औषधांत धातूचे अतिसूक्ष्म कण आढळल्याचे प्रसिद्ध केले, आणि या शोधाचा हवाला वारंवार दिला जातो. तो जसाच्या तसा स्वीकारला तरी कणांचे अस्तित्व आणि त्यांची उपयुक्तता या दोन भिन्न गोष्टी आहेत. सोन्याचा वा जस्ताचा कण बीटा शृंखलेचे जनुक कसे दुरुस्त करील, याचे उत्तर त्यातून मिळत नाही.

यंत्रणा अज्ञात असूनही औषध उपयोगी ठरू शकते, हा आक्षेप रास्त आहे. वैद्यकाच्या इतिहासात तशी उदाहरणे आहेत. अशा वेळी निर्णय चिकित्सालयीन चाचणीवर सोपवावा लागतो. २००५ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात होमिओपॅथीच्या ११० चाचण्यांची तितक्याच आधुनिक वैद्यकाच्या चाचण्यांशी तुलना केली गेली. मोठ्या व काटेकोर चाचण्यांपुरते पाहिले असता होमिओपॅथीचा परिणाम निरौषधी गोळीहून वेगळा दिसला नाही. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१५ मध्ये, कोणत्याही आजारात होमिओपॅथी परिणामकारक असल्याचा विश्वसनीय पुरावा नाही, असा निर्वाळा दिला. या दोन्ही अभ्यासांच्या पद्धतीवर होमिओपॅथीच्या समर्थकांनी टीका केलेली आहे. तथापि त्यांच्याकडून थॅलेसीमिया मेजरसंबंधी पुढे आलेला पुरावा फारच तोकडा आहे. पश्चिम बंगालमधील कल्याणी विद्यापीठातील संशोधकांचा २०१० मधील अभ्यास नेहमी उद्धृत होतो. त्यातील रुग्ण हायड्रॉक्सियुरिया हे आधुनिक औषध घेत होते आणि होमिओपॅथी त्याच्या जोडीला होती. लेखकांनी स्वतःच त्याला प्राथमिक अभ्यास म्हटले आहे. केवळ होमिओपॅथीवर बालकाला ठेवावे, याला त्यातून कोणताही आधार मिळत नाही.

'गुण आला' असे का वाटते?

पालकांची साक्ष खोटी असते असे मानणे अन्यायाचे होईल. त्यांना जे दिसते ते खरोखरच दिसते. अडचण त्याच्या अर्थाची आहे.

उदाहरणादाखल दीड वर्षाच्या एका कल्पित बालकाचा विचार करू. रक्त दिल्यावर त्याचे हिमोग्लोबिन ११ वर जाते, चौथ्या आठवड्यात ते ८ पर्यंत उतरते. दरम्यान होमिओपॅथी सुरू झाली. रक्तानंतरचे टवटवीत दिवस गोळ्यांच्या खात्यावर जमा होतात आणि उतरणीचे दिवस 'अजून औषधाला वेळ लागेल' या सदरात. पुढे पालक पुढील रक्तसंक्रमण आठवडाभर लांबवून पाहतात. मूल कोसळत नाही. लहान शरीर दीर्घकाळच्या पांडुरोगाशी विलक्षण जुळवून घेते: हृदय अधिक वेगाने चालते, मूल कमी खेळते, लवकर झोपते. ही शांतता सुधारणा समजली जाते. आठवड्याचे दोन आठवडे, दोनाचे चार होतात. वस्तुतः या काळात मज्जा पसरत असते, प्लीहा वाढत असते आणि वाढलेली प्लीहा रक्तपेशी अधिक वेगाने नष्ट करू लागते. रक्ताची 'गरज कमी झाली' असे ज्या काळात वाटते, त्याच काळात ती प्रत्यक्षात वाढत जाते.

दुसरे कारण निदानाशी निगडित आहे. बीटा थॅलेसीमियाचा एक मध्यम प्रकार आहे; त्याला थॅलेसीमिया इंटरमीडिया म्हणतात. काही उत्परिवर्तने सौम्य असतात, काही बालकांत गॅमा शृंखलेचे उत्पादन जन्मजातच अधिक टिकते. अशी मुले नियमित रक्ताशिवाय ७ ते ९ ग्रॅमवर वर्षानुवर्षे राहू शकतात. या मुलाला कोणतेही औषध दिले, अगदी काहीच दिले नाही, तरी तो 'रक्ताविना जगणारा थॅलेसीमियाचा रुग्ण' ठरतो. गावोगाव सांगितल्या जाणाऱ्या चमत्कारकथांपैकी अनेकींचे मूळ येथे असणे संभवते. काही वेळा तर मूल केवळ वाहकच असते आणि मेजरची शंका अकारण घेतली गेलेली असते. रक्त दिल्यानंतर तपासणी केली तर दात्याच्या पेशींमुळे निदान गढूळ होते. त्यामुळे निश्चित तपासणी पहिल्या रक्तसंक्रमणापूर्वी करणे श्रेयस्कर. ते राहून गेले असल्यास आईवडिलांची व जनुकांची तपासणी मार्ग दाखविते.

आणखी एक बारकावा. फिकटपणा म्हणजे लोहाची कमतरता, हे समीकरण जनमानसात इतके घट्ट बसले आहे, की घरात 'रक्तवर्धक' टॉनिक, बीट-गुळाचा आग्रह आणि लोहयुक्त पुड्या सुरूच राहतात. उच्च पोटेन्सीच्या फेरममध्ये लोह नसल्यामुळे त्याची हानीही नाही. परंतु अल्प विरलनाची औषधे व बाजारातील टॉनिके यांत खरेखुरे लोह असू शकते. ज्या शरीराला लोह बाहेर टाकता येत नाही, तेथे ते आणखी घालणे उलटेच ठरते.

दोन वर्षांचे मोल

लहान वयातील विलंब इतका महाग का पडतो, याचे उत्तर अस्थिमज्जा प्रत्यारोपणात आहे. थॅलेसीमियासाठी पहिले यशस्वी प्रत्यारोपण १९८१ मध्ये अमेरिकेतील सिएटल येथे झाले; त्यानंतर इटलीतील पेसारो येथे गुइडो लुकारेली व सहकाऱ्यांनी शेकडो बालकांवर ते केले. वाढलेले यकृत, यकृतातील तंतुमयता आणि लोहनिष्कासनातील अनियमितता, या तीन निकषांवर त्यांनी रुग्णांचे तीन वर्ग पाडले. तिन्हींपैकी एकही दोष नसलेल्या पहिल्या वर्गातील बालके प्रत्यारोपणानंतर मोठ्या बहुसंख्येने आजारमुक्त झाली. तिसऱ्या वर्गात धोका पुष्कळ वाढला.

सख्खे भावंड मज्जेच्या दृष्टीने जुळण्याची शक्यता चारात एक असते, आणि खर्चही लाखांत जातो. म्हणून प्रत्येक बालकाला हा मार्ग उपलब्ध नाही. २०१७ पासून कोल इंडियाच्या साहाय्याने चाललेली थॅलेसीमिया बाल सेवा योजना पात्र कुटुंबांना त्यासाठी अर्थसाह्य देते. पण ज्याचे भावंड जुळते, असे मूल दोन-तीन वर्षांच्या वयात पहिल्या वर्गात असते. अपुऱ्या रक्तावर आणि गोळ्यांवर काढलेली दोन-तीन वर्षे त्याला दुसऱ्या वा तिसऱ्या वर्गात नेऊन ठेवू शकतात. गोळी निरुपद्रवी असली तरी तिच्या नावाने गेलेला काळ निरुपद्रवी नसतो.

लुस्पाटरसेप्ट हे पेशींची परिपक्वता सुधारणारे औषध आणि २०२३-२४ मध्ये ब्रिटन व अमेरिकेत मान्य झालेला जनुकसंपादनाचा उपचार यांनी नव्या आशा निर्माण केल्या आहेत. पैकी पहिले प्रौढांसाठी, तर दुसरा बारा वर्षांवरील रुग्णांसाठी मान्य झाला. दीड वर्षाच्या मुलाला तेथवर सुस्थितीत पोहोचविण्याचे काम आजही रक्त आणि लोहनिष्कासन यांचेच आहे.

याचा अर्थ पालकांनी होमिओपॅथाचे दारही चढू नये असा नाही. या पद्धतीतील अनेक जबाबदार चिकित्सक स्वतःहून सांगतात, की रक्त व लोहनिष्कासन थांबवू नका. नियमित रक्त, तीन महिन्यांनी फेरिटिन, वाढीची नोंद हे सारे चालू असेल, आणि मुलाच्या रक्तविकारतज्ज्ञाला कल्पना दिलेली असेल, तर सर्दी-पडशासाठीच्या गोड गोळ्यांवरून वाद घालण्याचे कारण नाही. प्रश्न उभा राहतो तो 'रक्त बंद करून दाखवितो' या वचनापाशी. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये पूनम वर्मा विरुद्ध अश्विन पटेल या खटल्यात, होमिओपॅथीची नोंदणी असलेल्याने ॲलोपॅथीची औषधे देणे हा निष्काळजीपणा ठरविला. महाराष्ट्रात २०१४ च्या कायदादुरुस्तीने आधुनिक औषधशास्त्राचा अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्या होमिओपॅथांना मर्यादित मुभा देण्यात आली आणि तो वाद अद्याप धुमसतो आहे. थॅलेसीमियाच्या बालकाला होणारी इजा मात्र बहुधा चुकीचे औषध दिल्याने होत नाही. आवश्यक उपचार थांबविल्याने होते, आणि या बाजूची चर्चा फारच थोडी झाली आहे.

वाहक तपासणी आणि महाविद्यालये

दोन्ही पालक वाहक असतील तर प्रत्येक गर्भधारणेत मूल मेजर असण्याची शक्यता पंचवीस टक्के असते. 'पहिले आजारी झाले, आता पुढची तीन निरोगी' असा हिशेब पुष्कळ कुटुंबांत मांडला जातो. तो चुकीचा आहे. प्रत्येक वेळी नाणी नव्याने उडविली जातात. सायप्रसने १९७० च्या दशकापासून विवाहपूर्व तपासणी व समुपदेशन राबवून मेजर बालकांचे जन्म जवळजवळ शून्यावर आणले. भारतात मुंबई व दिल्लीतील शालेय मुलांच्या एका मोठ्या पाहणीत वाहकांचे प्रमाण मुंबईत सुमारे २.७ टक्के, तर दिल्लीत सुमारे ५.५ टक्के आढळले होते. शंभर विद्यार्थ्यांच्या वर्गात दोन-तीन वाहक बसलेले असणे, हे त्या हिशेबाने नित्याचेच आहे.

हिमोग्लोबिन ए-टू या घटकाचे प्रमाण साडेतीन टक्क्यांहून अधिक असल्यास बहुधा व्यक्ती वाहक असते. ही तपासणी आयुष्यात एकदाच करावी लागते आणि पदवीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाचे वय त्यासाठी सर्वांत सोयीचे आहे, कारण विवाह अद्याप ठरलेला नसतो. तपासणीचा अहवाल गोपनीय राखणे ही महाविद्यालयाची जबाबदारी राहील. अन्यथा वाहक ठरलेल्या मुलींच्याच विवाहात अडथळे येतात, असा तपासणी शिबिरे घेणाऱ्यांचा अनुभव आहे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या रक्तदान शिबिरात रक्तगटाच्या नोंदीबरोबर ही तपासणी जोडता येते. त्याच शिबिरांचा दुसरा संबंध अधिक थेट आहे. परीक्षा संपून महाविद्यालये ओस पडली की एप्रिल-मे महिन्यांत आणि पुन्हा दिवाळीच्या सुटीत रक्तपेढ्यांतील साठा घटतो. थॅलेसीमियाच्या मुलाचा चौथा आठवडा सुटीतही येतो. शिबिरांच्या तारखा ठरविताना जून ते फेब्रुवारीबरोबरच हेही महिने वाटून घेता येतील.